बटव्याची नाडी

ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या हाताला जे कळतं, ते पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी कळतं. माझ्याकडे आलेल्या 20 वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत तसंच झालं. चुलतबहिणीच्या लग्नासाठी तिने कटोरी ब्लाउज शिवायला टाकला होता. तीनदा उसवला, तीनदा शिवला, तरी अंगावर नीट बसेना. शेवटी शिवणाऱ्या बाईंनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, माप चुकत नाहीये माझं. कटोरी खालच्या बाजूला रिकामी राहते आणि टोकाशी कापड ताणतं. एकदा कुणा लेडी डॉक्टरला दाखवून घ्या."

इतकं अचूक निदान मी कित्येक रेफरल चिठ्ठ्यांवरही वाचलेलं नाही. खाली रिकामं, टोकाशी ताण. आजाराची निम्मी व्याख्या त्यात आली.

मुलगी तपासणीच्या टेबलावर ओढणी घट्ट लपेटून बसली होती. पहिलं वाक्य बोलायला तिला बराच वेळ लागला. "मॅडम, माझी वाढ अर्धवट राहिली का?" आई लगेच म्हणाली, "मी सांगते हिला, लहान असतात काहींचे, त्यात काय एवढं." आईचा हेतू चांगला होता, पण मुलीची तक्रार लहानपणाची नव्हतीच. तिची तक्रार आकाराची होती, आणि ती खरी होती. मी टेप लावली. स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं अंतर जेमतेम 3 सेंटिमीटर भरलं. छातीवरचा स्तनाचा पाया अरुंद होता, दोन्ही बाजूंमध्ये बरंच अंतर होतं, आणि स्तनाग्राभोवतीचा गडद गोल, ज्याला आम्ही एरिओला म्हणतो, रुंद होऊन फुगून पुढे आलेला होता.

या रचनेचं वर्णन 1976 साली थॉमस रीस आणि शेरेल ॲस्टन या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी केलं आणि तिला 'ट्यूबरस ब्रेस्ट' असं नाव दिलं. ट्यूबर म्हणजे कंद. एखाद्या कंदासारखा निमुळता, पुढे आलेला आकार, म्हणून हे नाव. मला ते कधीच आवडलेलं नाही. 20 वर्षांच्या मुलीला तिच्या अंगाची तुलना रताळ्याशी ऐकवायची काय गरज? पण वैद्यकाच्या पुस्तकांत तेच रुजलं आहे, केसपेपरवर तेच लिहिलं जातं, म्हणून ते माहीत असावं. काही सर्जन 'कन्स्ट्रिक्टेड ब्रेस्ट', म्हणजे आवळलेला स्तन, असं म्हणतात. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात कारण सांगितलेलं आहे.

कारण समजून घ्यायला आजीचा बटवा डोळ्यांसमोर आणा. तोंडाशी नाडी ओवलेला, सुपारी-लवंगांचा. नाडी ओढली की कापड कितीही ऐसपैस असलं तरी तोंड आवळतं. मुलीच्या वयाच्या 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान स्तनाची वाढ सुरू होते, तेव्हा एरिओलाच्या मागे एक छोटी गाठ हाताला लागते. तिथून ग्रंथी चहूबाजूंनी पसरत जाते आणि खालचा भाग भरून गोलाई येते. इथे मात्र एरिओलाच्या कडेच्या पातळीवर, विशेषतः खालच्या अर्ध्या भागात, घट्ट तंतूंचा एक पट्टा असतो. ग्रंथीला खाली आणि बाजूला पसरायला तो जागाच देत नाही. वाढ तर थांबत नाही, मग ती पुढे जाते. आणि पुढे नेमकी वाट मोकळी असते, कारण स्तनाला सगळीकडून झाकणारं जे पातळ आवरण असतं, त्याचा वरचा पदर एरिओलाच्या मागे नसतोच. ग्रंथी तिथून बाहेर डोकावते आणि एरिओला ताणून रुंद करते. हर्नियात पोटाच्या कमकुवत जागेतून आतलं बाहेर येतं, तसाच हा प्रकार.

ब्रा उशिरा घातली, पालथं झोपायची सवय होती, व्यायाम केला नाही, दूधतूप खाल्लं नाही, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. आणि म्हणूनच बाजारात मिळणारी तेलं, मलमं, गोळ्या, पंप यांचाही उपयोग नाही. तंतूंचा पट्टा मालिशने सुटत नाही. या मुलीने दोन वर्षं कुठल्याशा तेलाच्या बाटल्या आणल्या होत्या, घरच्यांपासून लपवून. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

प्रत्येकीत हे सारख्या प्रमाणात नसतं. स्तनाचे मनात चार भाग करा, एक उभी आणि एक आडवी रेघ मारून. फ्रान्समधल्या तुलूझच्या ग्रोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली केलेली विभागणी आज बरेच सर्जन वापरतात. पहिल्या प्रकारात फक्त खालचा आतला भाग कमी भरलेला असतो, दुसऱ्यात खालचे दोन्ही, आणि तिसऱ्यात चारही भाग. पहिला प्रकार इतका सौम्य असतो की कित्येक बायकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. त्याआधी 1996 साली जर्मनीतल्या फॉन हाइमबुर्ग यांनी चार प्रकार मांडले होते. त्यांत एरिओलाखालची त्वचा पुरेशी आहे की तीही तोकडी आहे, हा प्रश्न वेगळा काढला होता, आणि शस्त्रक्रिया ठरवताना तो फार उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. दोन्ही बाजू सारख्या नसतात. एका बाजूला तिसरा प्रकार आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सर्वसाधारण स्तन, असंही असतं. तेव्हा मुलीची तक्रार 'एक मोठा, एक छोटा' अशी असते आणि मूळ दोष नजरेतून निसटतो.

निसटला की काय होतं, ते सांगते. स्तन लहान आहे असं समजून आत नुसतं इम्प्लांट बसवलं जातं. वरचा भाग भरतो, पण आवळलेला पट्टा आत तसाच असतो. त्याच्या खाली इम्प्लांटचा गोल आणि वर स्वतःच्या ग्रंथीचा उंचवटा, मध्ये जुन्या घडीची खाच. एकावर एक दोन गोळे ठेवल्यासारखं दिसतं. आम्ही त्याला 'डबल बबल' म्हणतो. दुसरीकडे अशी शस्त्रक्रिया होऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पैसे गेलेले, व्रण आलेला, आणि आधी कपड्यात झाकलं जायचं तेही आता झाकलं जात नाही. दुसऱ्यांदा दुरुस्त करणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. म्हणून या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती क्रमाची आहे: आधी सोडवायचं, मग भरायचं.

सोडवण्याची सुरुवात ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही. ती सकाळी, भूल देण्याआधी, मुलीला उभं करून होते. आडवं झाल्यावर छातीवरचं सगळं सरकतं, त्यामुळे रेघा उभ्यानेच माराव्या लागतात. गळ्याच्या खोबणीतून खाली मधोमध एक रेघ. आत्ताची घडी जिथे आहे तिथे एक. ती जिथे यायला हवी तिथे, थोडी खाली, दुसरी. एरिओलाची आत्ताची कड आणि तिच्या आत साधारण 4 सेंटिमीटर व्यासाचं नवं वर्तुळ. जांभळ्या मार्करने आखलेल्या त्या नकाशाकडे बघून एकदा एक मुलगी म्हणाली, "शिंपीण खडूने आखते तसंच." खरंच तसंच असतं. फरक इतकाच की आम्हाला उसवून पुन्हा शिवायची मुभा नसते.

चीर बहुतेक वेळा एरिओलाच्या कडेने घेतात. गडद आणि फिक्या त्वचेच्या सीमेवर व्रण लपतो, आणि एरिओला लहान करायचा असतोच. वर्तुळांच्या मधली कड्यासारखी त्वचा वरवर काढली जाते. मग खालच्या अर्ध्या भागातून त्वचा आणि ग्रंथी अलग करत खाली नव्या घडीपर्यंत जातात. तो घट्ट पट्टा इथे बोटाला लागतो, दोरीसारखा. ग्रीसमधले सर्जन अपोस्तोलोस मांद्रेकास यांनी 2003 साली मांडलेल्या पद्धतीत ग्रंथीचा खालचा भाग या चिरेतून बाहेर घेतात आणि घड्याळात 6 चा आकडा जिथे असतो, त्या जागी पट्टा उभा कापतात. पट्टा तुटला की ग्रंथी दोन खांबांसारखी दुभंगते आणि पसरते. पहिल्यांदा हे पाहताना मी श्वास रोखून धरला होता. इतक्या वर्षांचं आवळलेपण दोन-तीन सेकंदांत सुटतं. हे दोन खांब मग सैल सोडतात किंवा एकमेकांवर दुमडून खालची पोकळी भरतात. आणखी सैलपणा हवा असेल तर ग्रंथीच्या मागच्या बाजूला किरणांसारख्या चिरा देतात, घट्ट पीठ मोकळं करायला सुरीने रेघा माराव्या तशा.

दुसरी एक पद्धत 1990 साली पकेट आणि कॉन्कॅनन यांनी सांगितली. पुढे ढकलल्या गेलेल्या ग्रंथीचा मागचा भाग आडवा कापायचा, पण पुढच्या बाजूला जोडलेलाच ठेवायचा, आणि साडीची घडी उलगडावी तसा तो खाली उलगडायचा. जिथे जास्त आहे तिथून उचलून जिथे कमी आहे तिथे आणायचं, पण देठ तोडायचा नाही, कारण रक्त देठातून येतं. प्लास्टिक सर्जरीचं हे मूळ तत्त्व आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाचं नाक पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाच्या कातड्यातून पुन्हा घडवलं. कातडं भुवयांच्या मध्ये देठाशी जोडलेलं ठेवूनच खाली फिरवलं होतं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती पद्धत उचलली. त्या कारागिराचं नाव कुणी नीट टिपून ठेवलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

सोडवून झालं की भरण्याचा प्रश्न. काहींच्या स्वतःच्या ग्रंथीतच पुरेसा ऐवज असतो. तिथे नुसती फेरमांडणी पुरते आणि मला तो पर्याय सर्वांत आवडतो. पण तिसऱ्या प्रकारात मुळात ऐवजच कमी असतो. तिथे इम्प्लांट किंवा चरबी.

सिलिकॉनचं इम्प्लांट पहिल्यांदा 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी बसवलं. 1992 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर सौंदर्यशस्त्रक्रियेपुरती बंदी घातली आणि 2006 मध्ये ती उठवली. पट्टा सोडवल्यानंतर इम्प्लांट वरच्या बाजूला छातीच्या स्नायूखाली आणि खालच्या बाजूला थेट ग्रंथीखाली बसवण्याची, 'ड्युअल प्लेन' म्हणतात ती, पद्धत इथे फार उपयोगी पडते. खालच्या भागातली सुटी झालेली ग्रंथी इम्प्लांटवर पसरते आणि ती खाच उरण्याची शक्यता कमी होते. त्वचाच फार तोकडी असेल तर एकदम पूर्ण इम्प्लांट बसवून चालत नाही. आधी 'एक्स्पांडर', म्हणजे फुगवता येणारी पिशवी, ठेवतात आणि काही आठवडे थोडं थोडं सलाइन सुईने भरत त्वचा ताणून घेतात. पोटातल्या बाळाबरोबर पोटाची त्वचा वाढते, तेच तत्त्व. नंतर त्या जागी कायमचं इम्प्लांट येतं. हिल्टन बेकर यांनी 1984 मध्ये आणलेल्या एक्स्पांडरमध्ये बाहेर जेल आणि आत सलाइनचा कप्पा असतो. भरण्याचं बटण काढून टाकलं की तेच कायम ठेवता येतं, दुसरं मोठं ऑपरेशन वाचतं.

इम्प्लांटविषयी एक गोष्ट मी प्रत्येकीला, आणि तिच्या आईलाही, समोर बसवून सांगते. ते आयुष्यभराचं नसतं. भोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं, ते कधी आकसून कडक होतं. इम्प्लांट फाटू शकतं आणि जेलचं फाटलेलं बाहेरून कळतही नाही. म्हणून एफडीए सांगते की पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय 5 ते 6 वर्षांनी आणि पुढे दर 2 ते 3 वर्षांनी करावी. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग जोडला गेल्यावर जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने तिची बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. ऑपरेशननंतर इम्प्लांटचा नंबर, कंपनी आणि आकार लिहिलेलं कार्ड मिळतं. ते सोन्याच्या पावतीसारखं जपून ठेवायचं. 20 व्या वर्षी इम्प्लांट घेणाऱ्या मुलीने पुढे निदान एकदा तरी पुन्हा ऑपरेशन होईल असं धरून चालावं. ज्या डॉक्टरने हे सांगितलं नाही, त्याच्याकडून इम्प्लांट घेऊ नये.

चरबीची कहाणी वेगळी आहे. पोट किंवा मांड्यांवरून हलक्या दाबाने चरबी काढायची, स्वच्छ करायची आणि अगदी बारीक नळीने स्तनात वेगवेगळ्या थरांत, धाग्यांसारखी, सोडायची. न्यू यॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ही पद्धत शिस्तीत बसवली, तर फ्रान्समधल्या ल्यों शहरात इमॅन्युएल दले यांनी ती याच प्रकारच्या स्तनांसाठी वापरली. 1987 मध्ये अमेरिकन प्लास्टिक सर्जन संघटनेने स्तनात चरबी भरण्याला जाहीर विरोध केला होता. मॅमोग्राफीत कॅन्सरच्या खुणा झाकल्या जातील ही भीती होती. 2009 मध्ये त्यांच्याच अभ्यासगटाने ती भूमिका बदलली. चरबी भरतानाच त्वचेच्या सुईएवढ्या छिद्रांतून पट्ट्याचे तंतू आतल्या आत तोडता येतात, त्यामुळे सौम्य प्रकारात मोठी चीर टळते. पण भरलेल्या चरबीचा बराच भाग पहिल्या 3-4 महिन्यांत विरघळून जातो, म्हणून दोन-तीन बैठका लागतात. काही ठिकाणी तेलाच्या गाठी होतात, त्या निरुपद्रवी असल्या तरी हाताला लागल्या की बाई हादरते. आणि ज्या मुली अंगाने काटक आहेत, त्यांच्याकडे काढायला चरबीच नसते. आजकाल छोटं इम्प्लांट आणि त्याच्या कडांवर थोडी चरबी, असं मिश्रणही करतात.

शेवटी एरिओला शिवताना पुन्हा नाडी येते. बाहेरचं वर्तुळ मोठं, आतलं छोटं, दोन्ही जुळवायची तर मोठ्या वर्तुळाच्या कडेतून न विरघळणारा धागा बटव्याच्या नाडीसारखा ओवून ओढतात. पॅरिसच्या लुई बेनेल्ली यांनी 1990 मध्ये ही पद्धत मांडली. आत आवळणारी एक नाडी कापायची आणि बाहेर धरून ठेवणारी दुसरी ओवायची. सुरुवातीला एरिओलाभोवती चुण्या दिसतात, त्या काही महिन्यांत बसतात. धागा सैल पडला तर एरिओला पुन्हा रुंद होतो, तेही आधी सांगायला हवं. स्तनाग्राची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, कमी होते. चार ते सहा आठवडे स्पोर्ट्स ब्रा, जड उचलायचं नाही, आणि अंतिम आकार समजायला सहा महिने थांबायचं.

किती वयात करावं? वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण 18 नंतर. अमेरिकेत सौंदर्यासाठी सलाइन इम्प्लांटला 18 आणि सिलिकॉनला 22 वर्षांची अट आहे. लग्न ठरतंय म्हणून घाई करणारे पालक मला भेटतात. त्यांना मी सांगते की हे ऑपरेशन मुलीचं आहे, तिला हवं तेव्हाच. तिला नको असेल तर ते न करण्याने तब्येतीला काहीही धोका नाही. सर्जनकडे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का, ते विचारायला लाजू नका. आणि त्यांनी या विशिष्ट दोषाची ऑपरेशनं केली आहेत का, तेही. आपल्याकडच्या आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, त्यामुळे खर्च खिशातून धरा.

त्या मुलीच्या आईने निघताना दाराशी थांबून, मुलगी पुढे गेल्यावर, हळू आवाजात विचारलं, "मॅडम, पुढे बाळाला पाजता येईल ना हिला?" हा प्रश्न नेहमी दाराशीच येतो. खरं उत्तर असं की या प्रकारात ग्रंथीच कमी असू शकते, त्यामुळे काहींना ऑपरेशन न करताही दूध कमी येतं. 2000 साली कॅथलीन हगिन्स आणि सहकाऱ्यांनी 34 मातांचा अभ्यास करून दाखवलं की दोन स्तनांमध्ये दीड इंचाहून जास्त अंतर असलेल्या, अशा आकाराच्या स्तनांच्या बायकांना दूध पुरेसं न येण्याची शक्यता जास्त असते. एरिओलाच्या कडेने चीर घेऊन ग्रंथी हलवली की काही दुधाच्या नलिकाही तुटतात. म्हणून ऑपरेशनआधी हे केसपेपरवर लिहून, बोलून घ्यायचं.

बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हे समजलेल्या बायकाही माझ्याकडे येतात. बाळ रडतं, वजन वाढत नाही, आणि घरात सासूबाई म्हणतात, "खात नाहीस नीट, म्हणून दूध येत नाही." डिंकाचे लाडू, शतावरी, अळीव सगळं झालेलं असतं. तेव्हा त्या आईला रेघ मारून दाखवायचं की ग्रंथी इथे पसरलीच नाही, यात तुझा काही दोष नाही. जेवढं दूध येतं तेवढं पाजायचं, दर आठवड्याला बाळाचं वजन करायचं आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून वरचं दूध द्यायचं. आकाराचा प्रश्न, हवा असेल तर, पाजणं थांबल्यावर निदान सहा महिन्यांनी काढायचा.